'स्टिल अ‍ॅलिस'मधले जनुक

अल्झायमरविषयी शिकवताना 'स्टिल अ‍ॅलिस' (२०१४) हा चित्रपट दाखवावा का, असे एका शिक्षिकेने आम्हाला विचारले. जरूर दाखवा, पण पुढचा तास मोकळा ठेवा, असे आम्ही सांगितले.

चित्रपट लिसा जिनोव्हा यांच्या कादंबरीवर आधारलेला आहे. त्या स्वतः मेंदूविज्ञानातील डॉक्टरेट, त्यामुळे लक्षणे बारकाव्यांनिशी येतात. भाषाशास्त्राची प्राध्यापिका अ‍ॅलिस ऐन पन्नाशीत शब्द विसरते, रोजच्या धावण्याच्या वाटेवर हरवते. ज्युलिअन मूर यांच्या अभिनयात आम्हाला तरी खोट दिसली नाही. (दोन दिग्दर्शकांपैकी रिचर्ड ग्लॅट्झर यांना चित्रीकरणाच्या वेळी ए.एल.एस. हा चेतापेशींच्या ऱ्हासाचाच आजार होता; २०१५ मध्ये ते वारले.)

आमची तक्रार आनुवंशिकतेच्या चित्रणाबद्दल आहे. अ‍ॅलिसच्या आजाराचे मूळ एकाच जनुकातील उत्परिवर्तनात आहे. ते प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी, आणि उतरले की आजार अटळ. मेंडेलच्या वाटाण्यांसारखे हे स्वच्छ गणित नाट्याला सोयीचे आहे. पण असे रुग्ण एकूण अल्झायमरग्रस्तांत १ टक्क्याहूनही कमी. बहुसंख्य रुग्णांत आजार पासष्टीनंतर दिसतो आणि तेथे जनुके फक्त पारडे झुकवतात. अपोई-४ या जनुकप्रकाराची एक प्रत असल्यास धोका साधारण तिप्पट होतो. तरीही ती बाळगणाऱ्या अनेकांना हा आजार कधीच होत नाही. हा नेहमीचा प्रकार पडद्यावर येतच नाही. मग ज्याच्या आजीला विस्मरण जडले आहे, त्या विद्यार्थ्याने कोणती भीती घेऊन घरी जायचे?

'अटळ' हा शब्दही आता जपून वापरायला हवा. कोलंबियातील अँतिओकिया भागात एका मोठ्या कुळात प्रेसेनिलिन-१ जनुकाचे असेच उत्परिवर्तन आहे. वाहकांची स्मृती चव्वेचाळिशीच्या आसपास ढासळू लागते. त्यांतील एका बाईंची मात्र सत्तरीपर्यंत टिकली. त्यांच्या अपोई जनुकाच्या दोन्ही प्रतींत एक दुर्मीळ बदल असल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. मेंदूत अमिलॉइड भरपूर साचले होते, पण टाऊ प्रथिनाच्या गाठी थोड्याच होत्या.

एपिजेनेटिक बदलांचा तर चित्रपटात विषयच निघत नाही. डीएनएची अक्षरे तीच राहतात, पण त्यांवर मिथाइल गटांच्या खुणा पडून जनुकाचे काम कमी-जास्त होते. अल्झायमरग्रस्तांच्या मेंदूत अँक-१ जनुकापाशी या खुणा बदललेल्या असतात, हे दोन संशोधक गटांनी २०१४ मध्येच दाखवले. हा बदल आजाराचे कारण की परिणाम, याचा निकाल अजून लागलेला नाही. तेव्हा याबद्दल दिग्दर्शकांना दोष देणे अन्यायाचे होईल.

अ‍ॅलिसची धाकटी मुलगी लिडिया जनुकचाचणी करून घेत नाही. कथा तेथून भरभर पुढे सरकते. वर्गात आम्ही प्रोजेक्टर नेमका तेथेच थांबवू आणि मुलांना विचारू, तुम्ही काय केले असते?