ब्रिटनमधील जातिभेदाचा शोध : एक परीक्षण

ब्रिटनमध्ये वंशभेदाविरुद्ध पहिला कायदा १९६५ साली झाला. तेव्हापासून तेथील चौकशी करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे सामान्यतः एकच चित्र राहिले : भेद करणारा गोरा आणि तो सोसणारा काळा वा सावळा. परंतु दोघेही एकाच रंगाचे व एकाच देशातून आलेले असतील, तर तो भेद ओळखावयाचा कसा? हिलरी मेटकाफ व हेदर रॉल्फ या संशोधिकांनी ब्रिटिश शासनासाठी सिद्ध केलेला, डिसेंबर २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला अहवाल या प्रश्नाला सामोरा जातो. म्हणूनच त्याचे परीक्षण अगत्याचे आहे.

अहवाल मुलाखतींवर आधारलेला आहे. शाळेत मुलांचा होणारा छळ, नोकरीतील भेदभाव, कामाचे वाटप, सेवा देताना होणारी वागणूक अशा क्षेत्रांत जातिभेदाचा पुरावा त्याने नोंदविला. जात एका धर्मापुरती मर्यादित नाही, हेही त्याने स्पष्ट केले. केवळ प्रबोधनावर विसंबणे अपुरे ठरेल आणि कायद्याने स्पष्ट संरक्षण मिळेल, हा त्याचा निष्कर्ष समतोल आहे. त्याची मर्यादाही उघड आहे. हे प्रकार किती प्रमाणात घडतात, याचे मोजमाप त्याने केले नाही. तसा दावाही केला नाही.

पुढे नेमक्या याच ठिकाणी घोडे अडले. २०१० च्या समता कायद्याने जातीचा अंतर्भाव वंशाच्या व्याख्येत करण्याचा अधिकार मंत्र्यांना दिला होता. २०१३ च्या दुरुस्तीने ते त्यांचे कर्तव्य झाले. २०१७ मध्ये शासनाने जनमत मागविले. सोळा हजारांहून अधिक उत्तरे आली आणि जुलै २०१८ मध्ये शासनाने माघार घेतली. प्रकरणे अत्यल्प आहेत व विषय समाजात फूट पाडणारा आहे, ही त्यामागील कारणे. हा युक्तिवाद तर्काला धरून नाही. ज्या अन्यायाला कायद्यात नाव नाही, त्याच्या तक्रारी थोड्याच असणार. आणि तक्रारी थोड्या म्हणून नाव द्यावयाचे नाही, तर हे चक्र कधीच थांबणार नाही.

येथे पालीतील ‘वण्ण’ हा शब्द लक्षात घेण्यासारखा आहे. त्याचा अर्थ रंगही होतो व समाजातील वर्गही. ब्रिटिश कायद्यातील ‘वंश’ रंगापासून सुरू होतो. आपला ‘वण्ण’ मात्र रंग सारखा असतानाही माणसे वेगळी करतो. वासेट्ठसुत्तात भगवान बुद्धांनी हीच तपासणी केली आहे. गवत, वृक्ष, कीटक, पशू, पक्षी यांच्यात जन्मजात भेदाची लक्षणे आढळतात. मनुष्याच्या देहात ती आढळत नाहीत, तेथील भेद केवळ व्यवहारातील नावांचा आहे. याचा पद्धतिशास्त्रीय अर्थ स्पष्ट आहे : जातिभेद शोधावयाचा तर पीडिताचे शरीर पाहू नये, भेद करणाऱ्याचे वर्तन पाहावे.

जातीला वंशाच्या कलमाखाली ठेवण्यावर एक आक्षेप संभवतो. जात म्हणजे वंश नव्हे, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’त ठामपणे मांडले. भारत शासनानेही २००१ च्या डर्बन परिषदेत जात व वंश भिन्न असल्याची भूमिका घेतली. परंतु दोहोंत अंतर आहे. बाबासाहेबांनी तो भेद जातीचे समर्थन कोसळावे म्हणून दाखविला; डर्बनमध्ये तो चर्चा टाळण्यासाठी वापरला गेला. शिवाय १९६५ च्या आंतरराष्ट्रीय करारात ‘वंशपरंपरा’ हा शब्द भारताच्याच सूचनेवरून आला, आणि २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या समितीने त्यात जातीचा समावेश होतो असे सांगितले. ब्रिटनमधील अपील न्यायाधिकरणानेही डिसेंबर २०१४ मध्ये, मूळ बिहारमधील एका आदिवासी घरकामगार स्त्रीच्या प्रकरणात, ‘वांशिक मूळ’ या शब्दांत जात येऊ शकते असे मानले. तथापि ‘येऊ शकते’ यावर विसंबणे म्हणजे प्रत्येक पीडितावर जात काय असते हे नव्याने सिद्ध करण्याचा भार टाकणे होय.

गोंदिया जिल्ह्यातील गोरेगावात आडनाव व वस्ती कळली की बहुधा जात कळते. ती दप्तरात नोंदलेली असते आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा निदान कागदावर तरी हाताशी असतो. त्याच गोरेगावातून ब्रिटनला गेलेल्या तरुणाला त्याचा देशबांधव आडनावावरून क्षणात ओळखतो. तेथील इंग्रज अधिकाऱ्याला मात्र दोन सावळ्या माणसांतील ही दरी दिसत नाही. प्रस्तुत अहवालाने ती दाखविली. मोजमापाचे काम त्याने शिल्लक ठेवले, हे खरे. परंतु दाखविलेले न पाहण्याचा दोष अहवालाचा नव्हे, तो राज्यकर्त्यांचा आहे.