पेल्याचा तळ

२०१४ साली हाँगकाँगमधील सदबीजच्या लिलावात ल्यू यीछ्यन या शांघायच्या धनिकाने जेमतेम आठ सेंटिमीटर रुंदीचा एक पेला २८ कोटी हाँगकाँग डॉलरहून अधिक किमतीला घेतला आणि त्यातून चहा प्याला. मिंग सम्राट छंगह्वाच्या काळातला (१४६५–१४८७), कोंबडा, कोंबडी आणि पिल्ले रंगवलेला हा पेला. असे पेले जगात वीसही उरलेले नाहीत, म्हणून या चहापानावर बरीच टीका झाली. सम्राट छ्येनलुंगने पेला वापरला, आता मीही वापरला, असा ल्यूंचा खुलासा होता. त्यात मला उर्मटपणापेक्षा वारसा सांगण्याची धडपड अधिक दिसते. दुर्मीळ भांड्याचा धनी होणे म्हणजे आधीच्या धन्याच्या रांगेत जाऊन उभे राहणे.

ही रांग कशी तयार होते, ते रू भांड्यांवरून कळते. अकराव्या शतकाच्या अखेरीस आणि बाराव्याच्या आरंभी, हनान प्रांतातील छिंगल्यांगस येथील भट्ट्यांत, सुंग दरबारासाठी थोडी वर्षेच घडवलेली ही निळसर हिरव्या झिलईची छोटी भांडी. आज ती शंभरच्या आतबाहेर उरली आहेत. दरबाराने नाकारलेला मालच बाहेर विकायची मुभा होती, असे बाराव्या शतकातल्या चौ ह्वेने नोंदवले आहे. म्हणजे हौशी संग्राहकाच्या हाती पहिल्यांदा आले ते नापसंत भांडे! पुढे १३८८ च्या ‘गगू याओलुन’ या पारखग्रंथात त्साव चावने झिलईवरच्या, खेकड्याच्या नांगीसारख्या भेगांना अस्सलपणाची खूण मानले. मात्र बिनभेगांचे भांडे त्याहून सरस ठरवले. खूण एका गोष्टीची, पसंती दुसरीला. अठराव्या शतकात छ्येनलुंगने तर अशा जुन्या भांड्यांच्या तळांवर स्वतःच्या कविता कोरवून घेतल्या. राजाची दाद म्हणजे मालकीची मोहोरच.

‘गगू याओलुन’ इंग्रजीत आणले ते मुंबईत जन्मलेल्या सर पर्सिव्हल डेव्हिड (१८९२–१९६४) यांनी. बँक ऑफ इंडियाच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या सर ससून डेव्हिड यांचे हे चिरंजीव. त्यांच्या मृत्यूनंतर १९७१ मध्ये हा अनुवाद प्रसिद्ध झाला. सुमारे १,७०० वस्तूंच्या त्यांच्या संग्रहात लेख आणि कालचिन्हे असलेली भांडी मोठ्या संख्येने आहेत. त्यांना भांडे वाचायचे होते. म्हणून सौंदर्याइतकाच तळावरचा मजकूर त्यांना मोलाचा वाटला. झिलईचा रंग पाहणाऱ्याच्या डोळ्यागणिक बदलतो, तारीख मात्र वाद मिटवते. हा अभ्यासकाचा संग्रह आहे, आणि ल्यू व छ्येनलुंग यांच्यापेक्षा मला तो श्रेष्ठ वाटतो. ल्यूंनी भांडे वापरले, छ्येनलुंगने त्यावर लिहिले. डेव्हिड यांनी ते इतरांना वाचता येईल असे केले. संग्रह १९५० मध्ये लंडन विद्यापीठाला मिळाला, २००९ पासून ब्रिटिश म्युझियममध्ये मांडला गेला, आणि २०२४ मध्ये तो त्या संस्थेला कायमचा देण्याचे जाहीर झाले.

तरीही एक प्रश्न या श्रेयाला चिकटून राहतो. चिनी राजघराण्याने बँकेकडे तारण ठेवलेल्या वस्तूंपैकी काही डेव्हिड यांनी १९२०च्या दशकात विकत घेतल्या. व्यवहार कागदोपत्री चोख होता. पण तो पडझड झालेल्या घराण्याच्या गरजेतून झाला. त्यांचे अभ्यासकार्य या वस्तुस्थितीचे समर्थन करत नाही आणि तिने पुसलेही जात नाही. दोन्ही गोष्टी एकाच फडताळात ठेवूनच हा संग्रह पाहिला पाहिजे.

आणखी एक उणीव डेव्हिड यांच्या पद्धतीतच आहे. तळावर सम्राटाचे नाव असते, कालखंड असतो, क्वचित कविता असते. ज्याने चाकावर मातीला आकार दिला त्याचे नाव नसते. म्हणून जो संग्राहक लेखांवरच विसंबतो, तो राजांचा इतिहास वाचतो आणि कुंभाराचा इतिहास हातात असूनही वाचत नाही. तो इतिहास आहे झिलईच्या जाडीत, भट्टीत भांडे ज्या टोकांवर टेकवले त्यांच्या तिळाएवढ्या खुणांत. रूच्या तळावर अशा खुणा दिसतात. त्या वाचायला अक्षरओळख लागत नाही, नजर लागते.