रस्त्यावरचा चेहरा कोणाचा?

भारतीय छायाचित्रणाच्या इतिहासात इंदूरचे नाव लाला दीनदयाळ यांच्यामुळे आले. होळकरांच्या राजधानीत ते सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस होते. 1874 च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला आणि पुढे ते निजामाच्या दरबारचे छायाचित्रकार झाले. त्यांच्या चित्रांत राजेरजवाडे, किल्ले आणि देवळे आहेत. रस्त्यावरचा माणूस फारसा नाही. तो दोष केवळ दृष्टीचा म्हणता येत नाही. त्या काळच्या काचेवर स्थिर वस्तूच नीट उमटे. चालता माणूस धूसर व्हायचा किंवा पुसलाच जायचा.

1925 साली लायका बाजारात आला आणि ही अडचण मिटू लागली. छोट्या कॅमेऱ्याने सरकता क्षण पकडण्याची विद्या आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी जगाला दाखविली. आपल्याकडे रघुबीर सिंग (1942–1999) यांनी तीच विद्या रंगांत आणली आणि भारतीय रस्ता रंगांवाचून अपुरा आहे, असा आग्रह धरला. रंगपंचमीची गेर राजवाड्यापुढून जाताना ज्याने पाहिली आहे, त्याला हा आग्रह पटावयास हरकत नाही.

परंतु यंत्राची अडचण सरली तेथे विवेकाची सुरू झाली. आजच्या बहुतेक प्रदर्शनांतून तीच ती चित्रे दिसतात: सुरकुतलेला म्हातारा, भस्म फासलेला साधू, हात पसरलेले मूल. या विषयांचे आकर्षण सौंदर्याचे असते असे आपण समजतो. माझ्या मते ते पुष्कळदा सोयीचे असते. ही माणसे ‘नको’ म्हणत नाहीत. मोटारीतल्या शेठजींसमोर तोच कॅमेरा अदबीने खाली येतो.

कायदा येथे फारसा साह्यकारी नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याने छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारा. ज्याचा चेहरा, त्याला त्या चित्रावर कर्तेपणाचा हक्क नाही. 2017 साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपण हा मूलभूत हक्क ठरविला खरा. पण भर रस्त्यात तो कोठवर पोचतो, हे प्रत्येक प्रकरणागणिक ठरावयाचे. तेव्हा उरलेला निवाडा रसिकांनी करावा हे बरे.

त्यासाठी इंदूरचाच सराफा घेऊ. दिवसा सोन्याचांदीचा व्यवहार, रात्री त्याच पेढ्यांपुढे खाण्याची दुकाने. तेथे दहीवड्याचा द्रोण हवेत उडवून झेलणाऱ्याचे चित्र जो तो काढतो. त्यात अन्याय नाही. तो आपली कला स्वखुशीने दाखवीत असतो. पण बाजार उठल्यावर झाडू घेऊन येणाऱ्यांचे काय? 2017 ते 2023 या प्रत्येक वर्षी स्वच्छ सर्वेक्षणात या शहराने पहिला क्रमांक मिळविला (2023 साली सुरतेसह), तो त्यांच्या हातांच्या बळावर. त्यांचे चित्र काढू नये असे मी म्हणत नाही, काढावेच. मात्र दहीवडेवाल्याच्या मनगटात जे कसब आपल्याला दिसते, तेच झाडूच्या फटकाऱ्यातही दिसले पाहिजे. एकाच्या बाबतीत हात पाहावयाचा आणि दुसऱ्याच्या बाबतीत केवळ दैन्य, हा पक्षपात झाला.

म्हणून रस्त्यावरचे छायाचित्र पारखण्याची एक साधी कसोटी सुचवितो. ज्याचे चित्र आहे, त्याच्यासमोर ते ठेवले असता काढणाऱ्याला मान खाली घालावी लागेल काय? लागणार असेल, तर प्रकाश, रेषा आणि क्षण यांची कितीही स्तुती केली, तरी ते चित्र कच्चेच राहिले.