कॉम्बिनेशन चांगलं, पण कोणतं?

दातांच्या दुखण्यावरचा एक मोठा अभ्यास २०२५ मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या जर्नलमध्ये आला. रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी हिरडीत अडकलेली अक्कलदाढ काढलेल्या १,८०० हून जास्त लोकांचे दोन गट केले. कोण कुठल्या गटात, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. एका गटाला हायड्रोकोडोन (अफूच्या जातीचं औषध) आणि पॅरासिटामॉल, दुसऱ्याला आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम. पहिल्या दिवशी आणि रात्री, म्हणजे ठणका सगळ्यात जास्त असताना, दुसऱ्या गटाचं दुखणं कमी होतं. झोपही बरी लागली.

अभ्यास चोख आहे. पण तो अमेरिकेच्या प्रश्नाचं उत्तर देतो: अफूवर्गीय गोळ्या लिहून द्याव्यात का? आपल्यापर्यंत येताना त्यातलं फक्त 'दोन औषधं एकत्र घेतली की बरं' एवढंच उरतं, आणि माझा आक्षेप तिथे आहे.

जोहे-हमरापूरच्या गणपती कारखान्यांचा विचार करा. सण तोंडावर आलाय, रंगकाम उरकायचंय आणि दाढ ठणकतेय. अशा वेळी पेणला जाऊन डेंटिस्टच्या खुर्चीत कोण बसणार? मेडिकलमधून गोळ्या येतात. बऱ्याचदा एसिक्लोफेनॅक १०० अधिक पॅरासिटामॉल ३२५, कधी जोडीला सेराशिओपेप्टिडेज.

आता हिशोब करा. एसिक्लोफेनॅक दिवसात २०० मिलिग्रॅमच्या वर जात नाही, म्हणून गोळ्या दोनच. म्हणजे पॅरासिटामॉल दिवसभरात ६५०. मोठ्या माणसाला एका वेळेलाच ५०० ते १००० देतात! अभ्यासातला फायदा पुरेशा डोसच्या जोडीचा होता. तो या गोळीच्या नावावर कसा लावणार? ही जोडी अगदीच निरुपयोगी आहे असं नाही, पण पुरावा तिचा नाही. सेराशिओपेप्टिडेजचं तर बोलायलाच नको. जपानच्या ताकेदा कंपनीने ते २०११ मध्ये स्वतःहून बाजारातून काढलं, कारण चाचणीत ते नुसत्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या केंद्र सरकारने १५६ मिश्रणांवर बंदी घातली; त्यात एसिक्लोफेनॅक ५० अधिक पॅरासिटामॉल १२५ होतं. १०० अधिक ३२५ त्या यादीत नव्हतं.

दुसरी गोष्ट माझ्या मते जास्त महत्त्वाची. अभ्यासातल्या प्रत्येकाची दाढ आधीच निघाली होती. किडलेली दाढ तोंडातच असेल तर गोळी ठणका दाबते, आत पू होत राहतो. मग चार दिवसांनी पुन्हा दुखलं की पहिल्या गोळीवर आयबुप्रोफेनची दुसरी घेतली जाते. दोन्ही एकाच जातीची औषधं, त्यामुळे आराम फारसा वाढत नाही, पोट आणि किडनीवरचा भार मात्र वाढतो. बीपीची किंवा रक्त पातळ करायची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच घेऊ नका.

आणि गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर कारखाना अर्धा दिवस बंद ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.