कुत्र्याच्या गळ्यातील विद्युत्-पट्टा : एक संकेतशास्त्रीय परीक्षण

वस्तूची घडण हीही एक प्रकारची संहिताच असते. ती कोणी कोणासाठी रचली, तिच्यात बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण, हे प्रश्न जसे ग्रंथाविषयी तसेच यंत्राविषयीही विचारता येतात. कुत्र्याला शिकवण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या विद्युत्-पट्ट्याचे परीक्षण प्रस्तुत लेखात याच दृष्टीने करावयाचे आहे. हा पट्टा म्हणजे मालक आणि जनावर यांच्यामधील संदेशवहनाचे साधन होय, असे त्याचे पुरस्कर्ते म्हणतात. हा दावा भाषाविषयक असल्यामुळे त्याची कसोटीही भाषाशास्त्राने घ्यावयास हरकत नाही.

प्रथम रचना पाहू. मालकाच्या हातात एक प्रेषक आणि कुत्र्याच्या गळ्यात एक ग्राहक, अशी ही जोडी असते. ग्राहकाला धातूची दोन बोथट टोके असतात. ती केसांतून कातडीला टेकावीत म्हणून पट्टा घट्ट बांधावा लागतो. बहुतेक यंत्रांत ध्वनी, कंप आणि विजेचा झटका असे तीन प्रकार असून झटक्याची तीव्रता आकड्यांनी ठरविता येते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत शिकारी कुत्र्यांसाठी ही यंत्रे प्रचारात आली, तेव्हा त्यांचा झटका फार तीव्र असे. पुढील सुधारणांचा रोख मुख्यतः अधिक पायऱ्या, अधिक पल्ला आणि अधिक टिकाऊ बॅटरी यांवर राहिला. परंतु आकडा तोच राहिला तरी वेदना तीच राहते असे नाही. केसांची दाटी, कातडीचा ओलावा आणि पट्ट्याचा ताण यांप्रमाणे ती बदलते. पावसात भिजलेल्या कुत्र्याला कालचाच आकडा आज वेगळा लागतो. ज्या चिन्हाचे मूल्य हवेप्रमाणे बदलते, त्याला वर्णमालेतील अक्षराची प्रतिष्ठा देता येणार नाही.

चार्ल्स हॉकेट यांनी १९६० साली भाषेची तेरा घडण-वैशिष्ट्ये मांडली. त्यांपैकी दोन येथे विशेष उपयोगी आहेत. पहिले, विशेषीकरण. संकेताची भौतिक शक्ती गौण असते. तो जे कार्य घडवून आणतो ते अर्थाच्या बळावर. ‘ये’ हा ध्वनी कोणालाही ओढून आणीत नाही. दुसरे, संपूर्ण प्रतिश्रवण. बोलणाऱ्याला स्वतःचे बोलणे ऐकू येते, म्हणून तो ते वेळीच आवरू अथवा सावरू शकतो.

राजूर (ता. भोकरदन, जि. जालना) येथील गणपतीचे स्थान सर्वपरिचित आहे. अशा गावाच्या आसपासच्या शेतवस्त्यांवर कुत्र्याशी होणारे बोलणे या कसोट्यांवर तपासून पाहावे. ‘यू यू’ म्हणजे जवळ ये, ‘छू’ म्हणजे धाव, ‘हाड’ म्हणजे दूर हो. या तिन्ही ध्वनींत शारीरिक बळ जवळजवळ नाही, अर्थ मात्र पूर्ण आहे. आणि हाक मारणाऱ्याच्या कानावर ती आधी पडते. ‘हाडहूड करणे’ या वाक्प्रचाराने हे बोलणे माणसांच्या व्यवहारातही शिरले आहे. याउलट झटक्याची शक्ती हाच त्याचा अर्थ. तो काढून घेतला तर मागे काही उरत नाही. शिवाय कळ दाबणाऱ्या बोटाला त्यातले काहीच जाणवत नाही. हॉकेट यांच्या दोन्ही कसोट्यांवर झटका हा संकेत ठरत नाही. तो आघात ठरतो.

यावर असा आक्षेप येईल की, शेतकरी पिकाभोवती झटका यंत्राची तार लावतोच. मग पट्ट्यावरच रोष का? हा आक्षेप विचारार्ह आहे. तारेला एक ठिकाण असते. रानडुक्कर तिला स्वतः स्पर्श करते, मागे सरताच झटका संपतो, आणि कारण त्याच्यासमोर उभे असते. पूर्वी उनाड गुरांच्या गळ्यात अडकवले जाणारे लोढणेही असेच होते. गुरू जितके धावे तितके ते पायांत येई. चालीचा वेग आणि त्रास यांचा संबंध जनावराला स्वतःच्या देहात कळे, आणि मालकाचे कृत्य साऱ्या गावाला दिसे. पट्ट्यात मात्र कारण दूर, अदृश्य आणि दुसऱ्याच्या मर्जीवर असते.

हा भेद काल्पनिक नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या शाल्के आणि सहकाऱ्यांच्या जर्मन अभ्यासात चौदा बीगल कुत्र्यांचे तीन गट केले होते. भक्ष्याच्या प्रतिकृतीला तोंड लावताच ज्यांना झटका मिळे, त्यांच्या लाळेतील कॉर्टिसोल फारसे वाढले नाही. हाकेला न आल्याबद्दल ज्यांना तो मिळाला त्यांचे वाढले, आणि ज्यांना तो अवचित मिळाला त्यांचे सर्वांत अधिक वाढले. म्हणजे कारण जितके दुर्बोध, तितका ताण अधिक. २००४ सालच्या शिल्डर आणि व्हॅन डर बोर्ग यांच्या डच अभ्यासात, झटके मिळालेली कुत्री शिक्षणाच्या मैदानाबाहेरही मालकाच्या सहवासात अधिक ताणाखाली दिसली. मालकाला जो अर्थ पोहोचवावयाचा होता तो पोहोचला की नाही हे बाजूला ठेवले, तरी मालक हाच वेदनेचे चिन्ह बनला, असा याचा अर्थ होतो.

मग उपयुक्ततेचे काय? २०२० साली चायना, मिल्स आणि कूपर यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्रेसष्ट कुत्र्यांची तुलना होती. हाकेला येणे आणि आज्ञा पाळणे या बाबतींत, बक्षीस देऊन शिकविलेली कुत्री पट्ट्यावर शिकविलेल्यांहून मागे पडली नाहीत. काही मोजमापांत ती पुढेच होती. वेल्सने तर २०१० सालीच या पट्ट्यांच्या वापरावर बंदी घातली. आपल्याकडील १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या अधिनियमाचा भर अनावश्यक वेदनेवर आहे. जे काम वेदनेवाचून तितकेच चांगले होते, तेथे वेदना आवश्यक कशी ठरावी, हा प्रश्न पुरस्कर्त्यांनी टाळता कामा नये.

तो टाळण्याचे काम शब्द करतात. माहितीपत्रकांत ‘शॉक’ हा शब्द सहसा नसतो. त्याच्या जागी ‘स्टिम्युलेशन’ असते. या शब्दाला आपल्या कोशांत ‘उत्तेजन’ असा पर्याय आहे, आणि मराठीत उत्तेजन म्हणजे प्रोत्साहन! चॉम्स्की यांनी १९५९ साली स्किनर यांच्या ग्रंथाचे परीक्षण करताना दाखवून दिले होते की, प्रयोगशाळेतील काटेकोर संज्ञा बाहेर सैलपणे वापरल्या की शास्त्राचा केवळ आभास उरतो. येथे तो आभास विक्रीला काढलेला आहे. शेतकऱ्याने आपल्या यंत्राला ‘झटका मशीन’ म्हटले. त्याचे नामकरण अधिक प्रामाणिक आहे.

तात्पर्य, या रचनेतील दोष पायऱ्या वाढवून जाणारा नाही. धातूची दोन टोके काढून टाकली तर ध्वनी आणि कंप उरतात. बहिऱ्या कुत्र्यांना शिकविण्यासाठी केवळ कंपाचा पट्टा वापरला जातो, आणि तो खरोखर संकेत असतो. कारण त्यात बळ नाही, अर्थ आहे, आणि तो अर्थ आधी खाऊ देऊन शिकवावा लागतो. पट्ट्यातील जे भाषा म्हणविण्यास पात्र आहे, ते त्या टोकांवाचून अबाधित राहते. आपल्या विभागातील विद्यार्थ्यांनी जालना जिल्ह्यातील गुराखी, मेंढपाळ आणि शेतकरी यांच्या जनावरांना घालावयाच्या हाकांचे पद्धतशीर संकलन हाती घ्यावे, असे या निमित्ताने सुचवावेसे वाटते. माणूस जनावराशी आघातावाचून किती बोलू शकतो, याचा पुरावा त्या संकलनातून हाती येईल.