सी भाषेतील स्ट्रिंग-अध्यापन आणि ड्रायव्हरमधील बफर-सुरक्षा : एक चिकित्सा

सारांश : सी भाषेच्या अध्यापनात स्ट्रिंगचा विचार बहुधा तिच्या शेवटच्या शून्य-खुणेपर्यंत येऊन थांबतो. ती ज्या बफरमध्ये ठेवायची, त्याची क्षमता प्रोग्रॅमरच्या दक्षतेवर सोडली जाते. या सवयीतून ड्रायव्हरच्या कोडमध्ये कोणते दोष शिरतात, याची चिकित्सा लिनक्स कर्नलमध्ये २०२१ साली उघडकीस आलेल्या एका दोषाच्या आधारे प्रस्तुत लेखात केली आहे. धोकादायक फंक्शनच्या जागी सुरक्षित म्हणवले जाणारे फंक्शन बसवणे पुरेसे नसून क्षमतेची जबाबदारी कोणाकडे आहे हे ठरवणे महत्त्वाचे आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : सी भाषा, स्ट्रिंग, बफर, ड्रायव्हर, लिनक्स कर्नल, युनिकोड

१. प्रस्तावना

परभणी जिल्ह्यातील महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत. महाराष्ट्रात इतरत्र आढळते त्याप्रमाणे येथेही संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यास प्रोग्रॅमिंगची पहिली ओळख बहुधा सी भाषेतून होते. पुढे पायथॉन, जावा या भाषा येतात आणि सी मागे पडते. त्यामुळे सी म्हणजे केवळ एक पायरी, असा समज रूढ झाला आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. लिनक्सच्या कर्नलमधील बहुतांश ड्रायव्हर आजही सी भाषेतच आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये कर्नलच्या ६.१ या आवृत्तीपासून रस्ट भाषेला प्रवेश मिळाला असला, तरी सी मधील प्रचंड कोड त्यामुळे नाहीसा झालेला नाही.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात ड्रोन, रोबोट व स्वयंचलित यंत्रे यांच्या आधारे डिजिटल शेतीचे काम हाती घेतले गेले आहे. शेतातील संवेदकाचे वाचन संगणकापर्यंत पोहोचवणारा दुवा म्हणजे ड्रायव्हर होय. उद्या असा ड्रायव्हर लिहिण्याचे काम याच परिसरातील पदवीधराकडे येणे स्वाभाविक आहे. म्हणून वर्गात स्ट्रिंग कशी शिकवली जाते, हा प्रश्न परीक्षेपुरता मर्यादित राहत नाही.

२. पाठ्यपुस्तकातील इशारा आणि त्याची मर्यादा

नागपूरचे यशवंत कानेटकर यांच्या ‘लेट अस सी’ या पुस्तकाने विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांना सी भाषा सोपी करून दिली, हे ऋण प्रथम मान्य केले पाहिजे. या पुस्तकाच्या जुन्या आवृत्त्यांत ‘स्कॅनएफ’ अनेक शब्दांचे नाव वाचू शकत नाही, ही अडचण सांगून ‘गेट्स’ हे फंक्शन सुचवलेले आढळते. अ‍ॅरेच्या सीमा कंपायलर तपासत नाही, हेही पुस्तक स्पष्टपणे सांगते. म्हणजे इशारा दिलेला आहे. मात्र तो ज्याला दिला आहे, त्याच्या हाती ‘गेट्स’ वापरताना कोणताही उपाय नाही. या फंक्शनला बफरचा फक्त पत्ता मिळतो; बफर किती मोठा आहे हे सांगण्याची सोयच त्यात नाही. त्यामुळे खबरदारीचा सगळा भार कळफलकावर टंकन करणाऱ्या व्यक्तीवर पडतो आणि ती व्यक्ती प्रोग्रॅमच्या बाहेरची असते.

याच्या तुलनेत कर्निहॅन व रिची यांच्या १९७८ सालच्या मूळ ग्रंथाकडे पाहणे उद्बोधक ठरते. त्याच्या पहिल्याच प्रकरणात ओळ वाचण्यासाठी जे फंक्शन रचले आहे, त्याला बफरबरोबर कमाल मर्यादाही दिली जाते. मात्र त्याच ग्रंथात पुढे येणाऱ्या ‘स्ट्रकॉपी’ला अशी मर्यादा नाही. सी भाषेच्या परंपरेत हे दोन्ही प्रवाह आरंभापासून आहेत. अध्यापनाने त्यांपैकी दुसरा अधिक उचलला, असे म्हणावे लागते.

याची किंमत लवकरच दिसून आली. २ नोव्हेंबर १९८८ रोजी पसरलेल्या मॉरिस वर्मने ज्या मार्गांनी संगणकांत प्रवेश मिळवला, त्यांपैकी एक होता ‘फिंगर’ सेवेतील ५१२ बाइटचा बफर. तो ‘गेट्स’ने भरला जात होता. तरीही हे फंक्शन सी भाषेच्या प्रमाण आवृत्तीतून वगळले गेले ते २०११ साली. ते आजही एखाद्या प्रात्यक्षिकाच्या वहीत आढळत असेल, तर तो प्रमाण भाषेबाहेरचा पाठ ठरतो.

३. ड्रायव्हरमधील प्रत्यक्ष उदाहरण

लिनक्समध्ये ‘सिसएफएस’ नावाची एक आभासी फाइल-व्यवस्था आहे. उपकरणाचा प्रत्येक गुणधर्म तीत लहानशा मजकूर-फाइलच्या रूपाने दिसतो. वापरकर्त्याने ती फाइल वाचली की ड्रायव्हरमधील ‘शो’ फंक्शन चालते आणि ते कर्नलने दिलेल्या बफरमध्ये मजकूर लिहिते. हा बफर स्मृतीच्या एका पानाइतका, म्हणजे सर्वसाधारण संगणकांवर ४०९६ बाइटचा असतो. ‘शो’ फंक्शनला मात्र त्याचा केवळ पत्ता मिळतो, आकार मिळत नाही. तापमानासारखा एक अंक छापताना ‘स्प्रिंटएफ’ वापरले तरी बिघडत नाही, कारण अंकाची लांबी मर्यादित असते. म्हणून ही पद्धत वर्षानुवर्षे निर्धोक वाटत राहिली.

मार्च २०२१ मध्ये ग्रिम या सुरक्षा-संस्थेने कर्नलमधील आयस्कझी या साठवण-व्यवस्थेतील तीन दोष जाहीर केले. हा कोड २००६ पासूनचा होता. त्यांतील एक दोष नेमका वरील स्वरूपाचा होता. आयस्कझी सत्राचे काही गुणधर्म अंकरूप नसून स्ट्रिंगरूप असतात आणि ते नेटलिंक संदेशांतून वापरकर्त्याच्या बाजूने ठरवता येत होते. स्वीकारताना त्यांच्या लांबीवर बंधन नव्हते. छापताना ‘स्प्रिंटएफ’ होते. त्यामुळे एका पानापेक्षा लांब मूल्य दिले की बफरपलीकडची स्मृती बिघडत असे. शिवाय हे संदेश पाठवण्यास विशेष अधिकार लागत नव्हता. साधा वापरकर्ता त्यातून सर्वाधिकार मिळवू शकत होता.

या दोषांची दुरुस्ती तीन ठिकाणी करण्यात आली. छपाईसाठी ‘स्प्रिंटएफ’च्या जागी ‘सिसएफएस-एमिट’ आले व स्ट्रिंगची लांबी स्वीकारतानाच मर्यादित केली गेली. आत येणाऱ्या संदेशांच्या लांबीची पडताळणी होऊ लागली. संबंधित अधिकार प्रशासकापुरते ठेवले गेले. केवळ छपाईचे फंक्शन बदलून दुरुस्तीकारांचे समाधान झाले नाही, ही बाब चिकित्सेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. दोष एका ओळीत दिसत असला तरी त्याची मुळे मूल्य आत येते त्या दारापर्यंत गेलेली होती.

४. ‘सुरक्षित’ फंक्शनांचे सापळे

‘स्ट्रकॉपी ऐवजी स्ट्रएनकॉपी वापरा, स्प्रिंटएफ ऐवजी एसएनप्रिंटएफ वापरा’ असा उपदेश अनेकदा केला जातो. तो अर्धा खरा आहे. ‘स्ट्रएनकॉपी’ची रचना ठरावीक रुंदीचे रकाने भरण्यासाठी झाली. मूळ मजकूर मोठा असल्यास ते शेवटी शून्य-खूण ठेवत नाही. पुढचे फंक्शन मग खूण शोधत बफरपलीकडे वाचत जाते. ओपनबीएसडी प्रणालीत १९९८ साली आलेल्या ‘स्ट्रएलकॉपी’ने ही उणीव दूर केली. परंतु ते मूळ मजकुराची पूर्ण लांबी परत देते आणि त्यासाठी तो शेवटपर्यंत वाचते. मूळ मजकुरालाच खूण नसेल तर तेथेही धोका उरतो. लिनक्स कर्नलने २०१५ साली ‘स्ट्रस्कॉपी’ स्वीकारले. मजकूर मावला नाही तर ते ऋण मूल्य परत देऊन तसे स्पष्ट कळवते. ‘स्ट्रएलकॉपी’ २०२४ साली कर्नलमधून काढून टाकण्यात आले.

१९९९ च्या प्रमाणकात आलेल्या ‘एसएनप्रिंटएफ’चा सापळा अधिक सूक्ष्म आहे. ते मर्यादेबाहेर लिहित नाही, हे खरे. परंतु ते परत देते ती संख्या लिहिलेल्या अक्षरांची नसते. जागा असती तर किती अक्षरे लिहिली गेली असती, त्यांची असते. १६ बाइटच्या बफरमध्ये ४० अक्षरांचा मजकूर छापला, तर उत्तर ४० येते. ही संख्या आधीच्या लांबीत मिळवून पुढचा मजकूर जोडू पाहणाऱ्या प्रोग्रॅममध्ये लेखनाचे स्थान बफरपलीकडे जाते. उरलेली जागा काढताना होणारी वजाबाकी चिन्हरहित प्रकारात असल्याने ऋण उत्तराऐवजी अवाढव्य धन संख्या मिळते. कर्नलमध्ये यासाठीच ‘एससीएनप्रिंटएफ’ आहे. ते प्रत्यक्ष लिहिलेल्या अक्षरांची संख्या देते. २०२० साली आलेले ‘सिसएफएस-एमिट’ याच पद्धतीने उत्तर देते आणि पानाची मर्यादा स्वतःच पाळते. बफरचा आकार प्रत्येक ड्रायव्हर-लेखकाने आठवणीत ठेवण्याची गरज त्यामुळे उरत नाही. त्याचे खरे श्रेय या जबाबदारीच्या स्थलांतरात आहे.

छपाईच्या साच्याबाबतही हीच दृष्टी लागते. बाहेरून आलेली स्ट्रिंग ‘प्रिंटएफ’ला थेट साचा म्हणून दिली, तर तीतील टक्केचिन्हे आज्ञा म्हणून वाचली जातात. म्हणून साचा नेहमी प्रोग्रॅममध्ये स्थिर असावा आणि बाहेरचा मजकूर ‘टक्के-एस’ या स्थानी यावा.

५. देवनागरी मजकुराची कसोटी

इंग्रजी उदाहरणांत अक्षर म्हणजे एक बाइट, हे समीकरण जुळते आणि त्यामुळे अनेक दोष झाकले जातात. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. काना, मात्रा, वेलांटी व अनुस्वार ही स्वतंत्र चिन्हे असतात. रोमन लिपीतील परभणीचे नाव ८ अक्षरांचे असून ते शून्य-खुणेसह ९ बाइटमध्ये मावते. ‘परभणी’ला १५ अधिक १, असे १६ बाइट लागतात. ‘सेलू’ डोळ्यांना दोनच अक्षरांचे दिसते. त्याला १२ अधिक १, म्हणजे १३ बाइट हवेत. १२ बाइटच्या बफरमध्ये ‘एसएनप्रिंटएफ’ त्याचे ११ बाइट ठेवते आणि शेवटच्या उकाराचे दोनच बाइट उरतात. स्मृती बिघडत नाही, पण मजकूर अवैध होतो. बफरची सुरक्षा आणि मजकुराची शुद्धता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तालुक्याच्या नावावरून जितके स्पष्ट होते, तितके इंग्रजी उदाहरणातून होत नाही.

६. निष्कर्ष

प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यावर सीमांचा भार टाकू नये, आधी भाषा कळू द्यावी, असा आक्षेप यावर घेतला जाईल. त्यात अध्यापनाचा अनुभव आहे. परंतु मर्यादेचा एक जादा आर्ग्युमेंट हा भार मोठा नाही. पंधरा वर्षे कर्नलमध्ये राहिलेली चूक अननुभवी हातांची नव्हती, हेही विसरता येत नाही. पहिली सवय दीर्घकाळ टिकते.

यासाठी अभ्यासक्रम बदलण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. विद्यार्थी स्वतः लिहितात त्या प्रत्येक स्ट्रिंग-फंक्शनला बफरबरोबर त्याची क्षमता द्यावी. फंक्शनचे परत येणारे मूल्य तपासल्याशिवाय प्रात्यक्षिक पूर्ण मानू नये. तपासणीत क्षमतेइतका, क्षमतेहून एकने मोठा आणि देवनागरी असे तीन मजकूर द्यावेत. उत्तर बरोबर आले म्हणून पूर्ण गुण देणारा परीक्षक नकळत हेच शिकवत असतो, की बफरची क्षमता हा प्रोग्रॅमचा भाग नाही. ती प्रोग्रॅमचा भाग आहे आणि गुणदानातही तिला स्थान मिळाले पाहिजे.