सूची नसलेला इतिहास

नागोठण्याचा जुना दगडी पूल पावसाळ्यात पाहावा. अंबा नदी दुथडी भरून येते, खाडीतून भरतीचं पाणी उलटं चढतं आणि कमानींच्या तोंडाशी दोन्ही पाणी एकमेकांना ढकलत घोळत राहतं. गेल्या आषाढात याच पुलाच्या कठड्याशी माझ्या पुतणीनं विचारलं, "काका, हा बांधला कुणी?" ती राज्यसेवेची तयारी करते, त्यामुळे तिला 'कुणी' एवढ्यावर भागत नाही, 'कधी' पण लागतं. मी म्हटलं, निजामशाहीतला आहे. "साल?" साल काही मला सांगता येईना.

घरी येऊन दोघंही कपाटाला भिडलो. तिची चार गाइडं, माझे विश्वकोशाचे काही सुटे खंड, शाळेत असताना बक्षीस मिळालेलं एक इतिहासाचं पुस्तक. पूल कुठंच नाही. तो शेवटी सापडला जेम्स कॅम्पबेलच्या संपादनाखाली निघालेल्या १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरात. गावांच्या यादीत, इंग्रजीत. चौलच्या काजी अलाउद्दीनानं १५८० च्या सुमारास, तीन लाख रुपये खर्चून तो बांधल्याचं त्यात म्हटलं आहे. ज्यांना तो पूल रोज ओलांडावा लागत होता त्यांच्यासाठी हे पुस्तक नव्हतंच. ते लिहिलं होतं जिल्ह्यात नव्यानं बदलून येणाऱ्या साहेबासाठी. पण त्या साहेबाला काय शोधावं लागेल, याचा विचार करून त्याची मांडणी झाली होती, म्हणूनच एकशे चाळीस वर्षांनी ते आमच्याही कामी आलं.

मराठीत इतिहास वाचायला भरपूर आहे. शोधायला गेलं की पंचाईत.

हे गाऱ्हाणं करताना मागच्यांचे उपकार विसरून चालणार नाही. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी कंपनी काढून, भाग विकून, गावोगाव वर्गणीदार गोळा करून महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड १९२० ते १९२९ या काळात पुरे केले. पण त्यातले पहिले पाच खंड प्रस्तावनेचे! तिथं वेदविद्या आहे, बुद्धपूर्व जग आहे, विज्ञानाचा इतिहास आहे. केतकरांच्या बुद्धीची झेप बघून छाती दडपते. मात्र 'अ' पर्यंत पोचायला पाच खंड ओलांडायचे म्हणजे देवळात शिरण्याआधी पाच दीपमाळांना प्रदक्षिणा घालण्यासारखं आहे. सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांचे प्राचीन, मध्ययुगीन आणि अर्वाचीन असे तीन चरित्रकोश १९३२, १९३७ आणि १९४६ मध्ये आले. ते आजही बिनतोड आहेत, फक्त माणसाचं नाव आधी ठाऊक हवं. काजी अलाउद्दीन हे नावच माहीत नसेल तर कुठल्याही चरित्रकोशाचं दार ठोठावणार कसं?

विश्वकोशाची गोष्ट थोडी वेगळी. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मांडलेल्या त्या यज्ञाचा पहिला खंड १९७६ ला आणि विसावा २०१५ ला पूर्ण झाला. मध्ये एकोणचाळीस वर्षं गेली. 'क' चा खंड निघाला तेव्हा आमचा जिल्हा कुलाबा होता, १९८१ साली तो रायगड झाला. त्यामुळे एकाच कोशात जिल्हा आधी कुलाबा म्हणून भेटतो आणि पुढं बऱ्याच खंडांनी रायगड म्हणून. जाणत्याला यात गंमत वाटेल. पण तालुक्याच्या वाचनालयात दहा खंड शिल्लक आणि दहा गहाळ असतात. तिथं बसलेल्या मुलाला जिल्हा कोणत्या अक्षराखाली सापडेल हे त्याच्या नशिबावर.

या सगळ्या मंडळींत मला आपला वाटतो तो गोविंद सखाराम सरदेसाईंचा वारसा, आणि त्याचं कारण त्यांच्या नोकरीत आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गोविल गावी १८६५ साली जन्मलेला हा माणूस बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या पदरी राजपुत्रांना शिकवत होता. समोर मुलं बसलेली. त्यांना इतिहास सांगायचा तर मराठीत धड पुस्तक नाही. ग्रँट डफचा इतिहास होता, पण तो इंग्रजांच्या चष्म्यातून. म्हणून सरदेसाई शिकवण्यासाठी टाचणं काढत गेले. त्या टाचणांतून १८९८ ला 'मुसलमानी रियासत' आणि १९०२ पासून 'मराठी रियासत' आकाराला आली. सुरुवातीच्या रियासतींत शिक्षकाचा आवाज ऐकू येतो. थांबतो, मागचं आठवून देतो, 'हा तो नव्हे' असं बजावतो. पुढं १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ भाग त्यांनी संपादित केले आणि साधनांचा डोंगर वाढला. त्याच्या ओझ्याखाली रियासतीतला मास्तर दबत गेला आणि संशोधक वरचढ झाला, असं माझं मत आहे. संशोधकांना हे पटणार नाही, पटूही नये.

त्यांच्या कामातलं सर्वांत उपयोगी पुस्तक मला विचाराल तर मी रियासतीचं नाव घेणार नाही. १९५७ साली आलेल्या 'ऐतिहासिक घराण्यांच्या वंशावळी' चं घेईन. आमच्या भागात वंशावळीशिवाय पाऊल उचलता येत नाही. कान्होजी आंग्र्यांचे मुलगे सेखोजी, संभाजी, मानाजी, तुळाजी, येसाजी, धोंडजी. पुढं रघूजी, मग आणखी एक मानाजी, मग आणखी एक रघूजी, आणि १८४० ला संस्थान इंग्रजांनी खालसा केलं. कुलाब्याच्या दर्यात कोणता मानाजी कोणत्या सालात कोणाशी भांडत होता हे वंशवृक्ष समोर असेल तरच उलगडतं. पुतणीच्या गाइडात आंग्र्यांना दीड ओळ आहे आणि त्या दीड ओळीत दोन मानाजींचा एक मानाजी झाला आहे.

गाइडांना शिव्या देणं सोपं. पण गेल्या तीस वर्षांत मराठी वाचकानं इतिहासाचा संदर्भ म्हणून सर्वाधिक हाताळलेलं पुस्तक कोणतं, तर तेच. कारण ते स्वस्त असतं, तक्ते देतं, एका बैठकीत एखादा कालखंड डोळ्यांखालून घालता येतो. मुलांना काय हवं हे त्यांनी ओळखलं. पाप दुसरं आहे: माहिती कुठून आली हे ते कधी सांगत नाहीत, आणि एकातली चूक दुसऱ्यात शुद्ध मनानं उतरते. मोठे कोश वाचकाला विचारत नाहीत आणि गाइडं आधाराला विचारत नाहीत. मराठी वाचक या दोघांच्या मधल्या जागेत उभा आहे.

जर्मनीत कार्ल प्लोत्स नावाच्या शिक्षकानं १८६३ साली विद्यार्थ्यांसाठी इतिहासाचं एक आटोपशीर टाचण छापलं. सालं, घटना, वंश, सगळं एका खंडात. ते पिढ्यान्‌पिढ्या सुधारत, वाढवत चालू राहिलं. आपल्याकडे १९६७ साली सच्चिदानंद भट्टाचार्यांचा भारतीय इतिहासाचा एकखंडी कोश इंग्रजीत निघाला. मराठीची सवय उलटी. आपण वीस खंडांचा संकल्प सोडतो, तो पार पाडण्यात एक पिढी खपते, आणि दुसऱ्या आवृत्तीचं नाव काढलं की सगळे घड्याळ बघतात. महादेवशास्त्री जोशींचं मात्र कौतुक करायला हवं. भारतीय संस्कृतिकोशाचे दहा खंड १९६२ ते १९७९ दरम्यान काढून ते थांबले नाहीत, मुलांसाठी त्यांनी वेगळा संस्कृतिकोश केला. मोठ्याचं लहान करून देणं हे कमी प्रतीचं काम नाही, हे गोव्याच्या या शास्त्रीबुवांना कळत होतं.

आता तारखांकडे येतो, कारण नवख्याचा पाय खरा तिथं घसरतो. पुतणीनं वहीत लिहिलं होतं: शिवजन्म, फाल्गुन वद्य ३, शके १५५१. शकात ७८ मिळवले की इसवी सन, हे तिला पाठ. बेरीज आली १६२९. पण जन्मसाल १६३०. अर्धा तास ती स्वतःवरच चिडून बसली. चूक तिची नव्हती. शक चैत्रात सुरू होतो आणि जानेवारी उजाडला की ७८ चे ७९ होतात. फाल्गुन म्हणजे पुढचं इंग्रजी वर्ष. राज्याभिषेकाला, ज्येष्ठ शुद्ध १३ शके १५९६ ला, तोच ७८ बरोबर लागू पडतो आणि १६७४ येतं. शिवाय १९ फेब्रुवारी १६३० ही ज्युलियन तारीख, आजच्या ग्रेगरियन पद्धतीनं तो दिवस १ मार्चला पडतो. त्यात जुन्या पुस्तकांत १६२७ दिलेलं असतं. राज्य शासनानं १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख २००१ साली मान्य केली, तरी तिथीप्रमाणे दुसरी जयंती होतेच. या सगळ्याला अर्धं पान पुरेल. ते अर्धं पान चौथीच्या पुस्तकापासून राज्यसेवेच्या गाइडापर्यंत सगळ्यांच्या सुरुवातीला असायला हवं.

पेशवाईतल्या पत्राच्या मथळ्यावर आलो की 'छ ५ रबिलावल, सुहूर सन इहिदे सबैन मया व अलफ' असलं काही दिसतं आणि मुलं पान उलटतात. 'छ' म्हणजे चांद्र तारीख. मग एक, सत्तर, शंभर, हजार: मिळून ११७१. त्यात ५९९ घातले की १७७०; वर्ष मृगाला सुरू होत असल्यानं शेवटच्या महिन्यांना ६००. एकदा बोट धरून दाखवलं आणि पोरगी दहा मिनिटांत शिकली. हे बोट धरण्याचं काम आमच्याच पनवेलला जन्मलेल्या ग. ह. खऱ्यांनी 'संशोधकाचा मित्र' लिहून केलं. नावातच 'संशोधक' असल्यानं साधा वाचक त्याच्याकडे फिरकला नाही, हा त्या पुस्तकाचा दैवदुर्विलास. 'वाचकाचा मित्र' असं नाव ठेवलं असतं तर?

जाता जाता: आमच्याकडची म्हातारी माणसं शकही सांगत नसत आणि सनही. 'रामदास बुडाली त्या साली' किंवा 'जांभूळपाड्याच्या पुराच्या आदल्या वर्षी'. रामदास बोट बुडाली १७ जुलै १९४७ ला, पूर आला जुलै १९८९ मध्ये. दोन्ही अचूक.

तारखांनंतर गावं. मे १६७४ मध्ये इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन राज्याभिषेकासाठी मुंबईहून चौलमार्गे रायगडाला गेला. वाटेत त्यानं 'एस्थेमी' ला मुक्काम केला. ही कुठली नगरी म्हणून मी बरेच दिवस बुचकळ्यात होतो. ती आपली अष्टमी, कुंडलिकेच्या काठची. रोहे-अष्टमी नगरपालिकेची पाटी रोज बघणाऱ्या मुलांच्या गावातून राज्याभिषेकाचा पाहुणा गेला, ही गोष्ट सांगायला एक साधी नावांची जुळणी पुरेशी होती. शिवकालीन कागदांत, पोर्तुगीज कागदांत आणि इंग्रजी कागदांत एकाच गावाची तीन नावं. त्यांचा एक तक्ता प्रत्येक जिल्ह्याला हवा. नकाशांचं तेच. उंबरखिंडीची लढाई सगळ्यांना पाठ आहे, २ फेब्रुवारी १६६१, कारतलबखान. पण ती ज्या नदीकाठी झाली ती अंबा, आणि तेच पाणी पुढं नागोठण्याच्या पुलाखालून जातं, हे दाखवणारी एक रेघ छापील इतिहासात सहसा सापडत नाही. शिकागो विद्यापीठानं १९७८ साली दक्षिण आशियाचा जोसेफ श्वार्ट्झबर्गचा भलाथोरला ऐतिहासिक नकाशासंग्रह काढला. तेवढं भव्य नको. जिल्ह्याला दोन पानं पुरतील.

सगळं आता संगणकावर आलं, असं कुणी म्हणेल. आलं, आणि त्याचा आनंदच आहे. विश्वकोश आहे, केतकरांचा ज्ञानकोश यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठाननं आणला, गॅझेटियरंही आहेत. पण शोधपेटीत 'ठाणे' लिहिलं तर जुन्या मजकुरातलं 'ठाणें' हाती लागेलच असं नाही. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुस्वार काढला आणि नकळत दोन पिढ्यांच्या पुस्तकांना कुलूप लागलं. शाळेतल्या शुद्धलेखनाच्या तासाचा असा सूड निघेल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

आणि सूची. मराठी इतिहासाचं पुस्तक विकत घेताना मी आधी शेवटचं पान उघडतो. बहुतेकदा तिथं त्याच प्रकाशनाच्या पुस्तकांची जाहिरात असते. लेखकानं वीस वर्षं खपून पाचशे पानं लिहिली, प्रकाशकानं जाड पुठ्ठा घातला, आणि सूचीची सोळा पानं खर्च वाढतो म्हणून वगळली. अशा पुस्तकाला वाचनीय म्हणता येईल, संदर्भग्रंथ कसा म्हणणार? सूची करणं हे कारकुनी काम आहे असा आपल्याकडे समज आहे. प्रत्यक्षात पुस्तकावरचं ते पहिलं समीक्षण असतं: कोणत्या शब्दावरून वाचक आत शिरेल, हे कुणीतरी ठरवावं लागतं.

गेल्या महिन्यात पुतणीला घेऊन एका जुन्या वाचनालयात गेलो. आंग्र्यांच्या काळावरचं एक पुस्तक निघालं, मुखपृष्ठ गेलेलं, मधल्या फॉर्म्याला वाळवीनं एक सरळ भोक पाडलेलं. सूची नाही. पण मागच्या कोऱ्या पानावर कुणीतरी शिसपेन्सिलीनं बारीक अक्षरात नावं आणि पृष्ठांक उतरवले होते: चौल, खांदेरी, थळ, मीठ, गलबतं, तुळाजी. खाली वेगळ्या हातानं, वेगळ्या पेन्सिलीनं, आणखी सात-आठ नावं. तिसरं अक्षर निळ्या शाईचं. त्यात 'भात, दर' आणि पुढं तीन पृष्ठांक. तीन अनोळखी वाचक, कदाचित तीन पिढ्यांचे.

पुतणीनं पृष्ठांक पडताळून पाहिले. दोन चुकीचे निघाले, ते तिनं हलक्या हातानं दुरुस्त केले. मग ग्रंथपाल खिडकीकडे वळलेले पाहून माझ्याकडे हात पुढं केला आणि हळूच म्हणाली, "काका, पेन्सिल द्या. नागोठणे राहिलंय."